सहा प्रश्नचिन्हं

ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण मला एक प्रश्न हमखास विचारतो. "तुझ्या टेस्ट केसेसमध्ये हे 'मुर्री' आणि 'तिरोडा' काय असतं?" लॉगिनचं पान असलेलं कुठलंही काम माझ्याकडे तपासायला आलं की मी एका युजरचा पासवर्ड 'मुर्री' ठेवतो आणि मग 'तिरोडा' टाकून आत जाता येतं का ते बघतो. इतकी वर्षं "गावाची आठवण येते रे" असं सांगून वेळ मारून नेली. या शनिवारी पाऊस आहे, बाहेर जाता येत नाही, तर म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

मुर्री हे आमचं गाव, गोंदिया शहराला लागून. तिरोडा हे आमच्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख आणि राइस मिलांचं शहर. त्यातल्याच एका मिलमध्ये माझे मामा मुनीम होते. मिलचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात मिलची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

२०१७ च्या उन्हाळ्यात मी इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपवून घरी आलो होतो. मिलमध्ये काटापावत्या आणि बिलांसाठी एक प्रोग्रॅम होता. फार पूर्वी नागपूरच्या कुणीतरी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहून दिलेला, मागे ॲक्सेसचा डेटाबेस. (व्हीबी ६ म्हणजे मायक्रोसॉफ्टनं १९९८ साली आणलेलं प्रकरण. त्याचा सपोर्ट २००८ मध्ये संपला, पण त्यात बांधलेले प्रोग्रॅम विंडोज १० आणि ११ वरही निमूटपणे चालतात. आपण लिहिलेलं काहीतरी एवढं टिकेल का, असा विचार कधी कधी मनात येतो.) सेठजींनी मामांना विचारलं, "तुमचा भाचा कॉम्प्युटर शिकतो ना? जरा बघायला सांगा." मी बघितलं, आणि युजरचं टेबल उघडताच हसायलाच आलं. पासवर्ड बेस-६४ मध्ये ठेवले होते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. पासवर्ड 'लपवायचे' म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी करतात आणि तिन्हींना एकच समजतात.

पहिली गोष्ट एन्कोडिंग. बेस-६४ हा त्यातलाच प्रकार. तीन बाइट घ्यायचे, त्यांची ठरावीक चार अक्षरं करायची. यात गुपित काहीच नाही. मोडीत लिहिलेलं पत्र मला वाचता येत नाही, पण ज्याला मोडी येते तो घडाघडा वाचतो, तसंच. दुसरी गोष्ट एन्क्रिप्शन, म्हणजे मुद्दाम लपवणं. महानुभाव पंथानं आपले मराठी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये शतकानुशतकं जपून ठेवले. त्या लिपीची किल्ली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांच्या हाती आली आणि ते वाङ्मय सगळ्यांना वाचता आलं. म्हणजे किल्ली मिळाली की मूळ मजकूर परत मिळतो. तिसरी गोष्ट हॅश. तिला किल्लीच नसते. ती मिलसारखी आहे. एका बाजूनं धान गेलं की दुसऱ्या बाजूनं तांदूळ, कोंडा, तूस. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानाला ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो. पण त्या ६७ किलोंवरून पुन्हा क्विंटलभर धान करून दाखवा म्हटलं तर कुठलाही मिलवाला हात जोडेल. पासवर्डसाठी हेच हवं असतं. मूळ पासवर्ड कुठेच ठेवायचा नाही, फक्त भरडलेला माल ठेवायचा. माणूस पुन्हा आला की त्यानं टाकलेलं पुन्हा भरडायचं आणि दोन्ही ढीग सारखे दिसले तर आत सोडायचं.

तर मी ठरवलं की आपण हॅश करायचा. एमडी५. आता तुम्ही म्हणाल, २०१७ मध्ये एमडी५? बरोबर आहे तुमचं. रॉन रिव्हेस्टनं तो १९९१ मध्ये बनवला आणि २००४ मध्ये चीनच्या शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच हॅश देणारे दोन वेगळे मजकूर प्रत्यक्ष करून दाखवले. पण मी विशीतला होतो, आणि बेस-६४ काढून एमडी५ घालणारा मी म्हणजे साक्षात ब्रूस श्नायर, अशी माझी समजूत होती.

व्हीबी ६ मध्ये हॅश लिहिणं हा एक छळ आहे. त्यात बिट सरकवायचं ऑपरेटरच नाही, दोनाच्या घातांनी गुणाकार-भागाकार करत बसायचं. बिनचिन्हाचा पूर्णांक नाही. एमडी५ ला ३२ बिटांची बेरीज ओसंडली तर ती तशीच पुढे न्यायची असते आणि व्हीबी मात्र २१४७४८३६४७ च्या पुढे गेलं की 'ओव्हरफ्लो' म्हणून प्रोग्रॅम बंद पाडतं. हे सगळं निस्तरणारं एक तयार मॉड्यूल मी नेटवरून उतरवलं. आणि आंधळेपणानं वापरलं नाही हं! एमडी५ च्या मूळ दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी १३२१ मध्ये, तपासायला सात नमुने दिले आहेत. मी सातही चालवून बघितले. सातच्या सात बरोबर आले. त्या रात्री मी छाती फुगवून झोपलो.

वर आणखी शहाणपणा केला. पासवर्ड फोडणारे इंग्रजी शब्दांच्या याद्या वापरतात हे मी नुकतंच वाचलं होतं. मग मिलमधल्या सगळ्यांना सांगितलं, पासवर्ड मराठीत ठेवा, देवनागरीत. व्हीबीच्या स्वतःच्या टेक्स्टबॉक्सला देवनागरी झेपत नाही, म्हणून ऑफिसबरोबर येणारा फॉर्म्स २.० चा टेक्स्टबॉक्स तिथे बसवला. 'मुर्री' टाइप केलं की स्वच्छ 'मुर्री' दिसत होतं. दिसतंय म्हणजे झालं, असं मानून त्यावर ठिपक्यांचा पडदा टाकला. लोकांनीही उत्साहानं आपापल्या गावांची नावं ठेवली. (गावाचं नाव हा वाईट पासवर्ड आहे, मान्य. तेव्हा मला शब्द मराठी असल्याचंच कौतुक होतं.)

जाताना सेठजींना मी एक वाक्य सांगितलं. ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं. "आता कुणाचा पासवर्ड मी स्वतः ठरवलं तरी काढू शकत नाही."

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मी घरीच होतो. कोविडमुळे कंपनी बंगलोरची आणि मी मुर्रीत, अशी मजा सुरू होती. धानाचा मोसम, मिलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मामा आमच्या घरावरूनच सायकलनं जात. संध्याकाळी परत येताना आत डोकावून चहा घेऊन जायचे. ते डोकावेनासे झाले. मला वाटलं, मोसम आहे, थकत असतील.

दोनेक आठवड्यांनी जेवताना आई म्हणाली, "तुझ्या मामाकडून गल्ल्याची किल्ली काढून घेतली."

झालं असं होतं. एका शेतकऱ्याच्या काटापावतीतलं वजन नंतर सव्वादोन क्विंटलनं कमी केलेलं निघालं. शेतकऱ्याकडे छापील पावती होती, तो भांडायला आला. प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर बदल मामांच्या नावानं, दुपारी पावणेपाचला. मामा त्या दिवशी तीन वाजताच एका तेरवीला निघून आले होते. सेठजींनी विचारलं, "पासवर्ड कुणाला दिला होता का?" मामा म्हणाले, "नाही."

या 'नाही'त ते अडकले. 'दिला होता' म्हणाले असते तर निष्काळजीपणावर निभावलं असतं. पण दिला नव्हता म्हणून त्यांनी नाही म्हटलं. मग सेठजींनी माझंच वाक्य त्यांना ऐकवलं. तुमचा भाचाच सांगून गेला ना, की पासवर्ड कुणाला काढता येत नाही?

तिथे नुकताच लागलेला एक पोरगा होता. त्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, मी तर माझ्याच पासवर्डनं आत जातो. तेही खरं होतं. दोघंही खरं बोलत होते, आणि खोटा पडला तो फक्त मामा.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी मिलमध्ये गेलो. युजरचं टेबल उघडलं. सात ओळी, प्रत्येकीत बत्तीस अक्षरांचा हॅश. मामांच्या ओळीतला आणि त्या पोराच्या ओळीतला हॅश तंतोतंत एक. आणखी दोन लोकांचेही आपापसात एक. पहिला विचार आला की दोघांनी एकच शब्द ठेवला असणार. दोघांना वेगवेगळं बोलावून कागदावर लिहायला सांगितलं. मामांनी 'मुर्री' लिहिलं. पोरानं 'तिरोडा' लिहिलं. तो तिरोड्याचा.

एक क्षणभर, खरं सांगतो, मला वाटलं की आपल्याला एमडी५ चं नैसर्गिक कोलिजन सापडलं! वांगबाईंना जे गणितानं ठरवून शोधावं लागलं ते गोंदियात धानाच्या पोत्यांत पडलेलं मिळालं. मग भानावर आलो. १२८ बिटांत दोन गावांची नावं चुकून जुळणं आणि आज संध्याकाळी वैनगंगा उलटी वाहणं यांत मी वैनगंगेवर पैज लावीन.

कोड उघडला. उतरवलेल्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक अक्षराचा नंबर काढायला 'आस्क' नावाचं फंक्शन वापरलं होतं. व्हीबीत अशी दोन फंक्शनं आहेत, 'आस्क' आणि 'आस्क-डब्ल्यू'. दुसरं अक्षराचा युनिकोड नंबर देतं. 'म' चा २३५०. पहिलं मात्र त्या मशीनच्या जुन्या अक्षरतक्त्यातला नंबर देतं आणि त्या तक्त्यात जागा २५६. त्यात इंग्रजी आहे, फ्रेंच-जर्मनची टिंबंवाली अक्षरं आहेत, देवनागरी नाही. तक्त्यात नसलेलं अक्षर आलं की ते त्याच्या जागी प्रश्नचिन्ह धरतं. नंबर ६३. 'म' चा ६३. 'त' चा ६३. उकाराचा ६३, वेलांटीचा ६३.

आता 'मुर्री' संगणकाच्या पद्धतीनं मोजा. म, उकार, र, हलन्त, र, दुसरी वेलांटी. सहा. 'तिरोडा' मोजा. त, वेलांटी, र, ओकार, ड, काना. सहा. 'देवरी' आणि 'आमगाव' पाच-पाच. 'गोंदिया' आणि 'सालेकसा' सात-सात. आमच्या जिल्ह्याचा अख्खा नकाशा त्या मॉड्यूलच्या लेखी फक्त लांबीचा होता. मिल चोख होती. मी तपासलेले सातही नमुने इंग्रजी अक्षरांचे आणि आकड्यांचे, ते चोखच येणार. पण आमचं धान तोंडाशीच बदलून आत खडे जात होते, आणि मिल इमानदारीत तेच खडे भरडत होती.

मी लॉगिनची खिडकी उघडली, मामांचं नाव निवडलं, कीबोर्ड इंग्रजीवर आणला आणि सहा प्रश्नचिन्हं टाइप केली.

आत गेलो.

पोराचं काय झालं होतं तेही उलगडलं. लॉगिनच्या यादीत शेवटच्या माणसाचं नाव तसंच राहायचं. मामा तीन वाजता गेले, पावणेपाचला पोरगा बसला, यादीत मामांचंच नाव. त्यानं नाव न बघता आपला पासवर्ड टाकला, प्रोग्रॅमनं घेतला. मग ओलाव्याची तूट म्हणून त्यानं वजनातून सव्वादोन क्विंटल वजा केले. ती तूट दुसऱ्याच पावतीवर टाकायची होती. चोरी नव्हतीच. नवख्या पोराची चूक, आणि माझा दरवाजा.

यात एक गंमत आहे ती सांगतो, कारण कामावर उपयोगी पडेल. मी सॉल्ट घातलं नव्हतं. सॉल्ट म्हणजे प्रत्येक युजरच्या पासवर्डात मिसळायचा वेगळा यादृच्छिक मजकूर, म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असला तरी हॅश वेगळे येतात. ही सुधारणा १९७९ मध्ये मॉरिस आणि थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी लिहून ठेवली आहे. ते न घालणं हा गाढवपणाच. २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख हॅश बाहेर आले तेव्हा तेही बिनसॉल्टचेच होते. पण मी सॉल्ट घातलं असतं तर इथे काय झालं असतं? दोन ओळी वेगळ्या दिसल्या असत्या, 'तिरोडा'नं मामांचं खातं तरीही उघडलं असतं, आणि मी टेबल बघून छातीठोकपणे सांगितलं असतं की सगळं ठीक आहे. सॉल्ट हॅशच्या आधी मिसळतात. पण अक्षरं त्याच्याही आधी मेली होती.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की या रस्त्यावर मोठेमोठे घसरलेत. युनिक्सचं जुनं क्रिप्ट पासवर्डाची पहिली आठच अक्षरं बघायचं, आणि प्रत्येकाचे सातच बिट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे तिसऱ्या चिन्हाच्या मध्येच त्याचं लक्ष संपणार. पीएचपीतही वापरल्या जाणाऱ्या बीक्रिप्टच्या एका अंमलबजावणीत २०११ मध्ये दोष सापडला. आठवा बिट लागलेला बाइट आला की काही वेळा त्याच्या आधीच्या तीन बाइटांपर्यंतचा मजकूर निकामी व्हायचा. इंग्रजी पासवर्डाला काही धक्का नाही. देवनागरीच्या प्रत्येक बाइटचा आठवा बिट लागलेलाच असतो. वाचून जरा बरं वाटलं. पण त्या लोकांचे मामा रोज त्यांच्या घरावरून मान खाली घालून सायकलनं जात नव्हते.

दुरुस्ती दोन रात्रीत केली. नुसता 'डब्ल्यू' जोडून भागत नाही, कारण २३५० एका बाइटात मावत नाही. आधी शब्दाचे यूटीएफ-८ बाइट करून घेतले, 'मुर्री'चे अठरा. एमडी५ काढून विंडोजमधलंच पीबीकेडीएफ२ वापरलं, प्रत्येकाचं वेगळं सॉल्ट, आणि मशीनला अर्धा सेकंद लागेल इतक्या फेऱ्या. (हे फंक्शन 'बीक्रिप्ट' नावाच्या डीएलएलमध्ये असतं आणि तिचा बीक्रिप्टशी काहीही संबंध नाही. नावं ठेवणाऱ्यांना नावं ठेवावीत तेवढी थोडी.) उलट बाजूही तपासली. 'दऱ्या' मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. दिसतो सारखाच, बाइट मात्र वेगळे. घरच्या मशीनवर एक पद्धत आणि मिलमध्ये दुसरी, तर खरा मालकच बाहेर राहणार. म्हणून तशी अक्षरं हॅशच्या आधीच एका रूपात आणायची. लॉगिनच्या यादीतलं नाव दर वेळी कोरं केलं. जुन्या हॅशवरून नवे करता येत नाहीत, त्यामुळे सातही जणांना पासवर्ड नव्यानं ठेवावे लागले.

हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते सेठजींच्या टेबलासमोर उभं राहणं. मी कागदावर दोन्ही गावांची नावं फोडून लिहून दाखवली, मग त्यांच्यासमोर सहा प्रश्नचिन्हं टाकून मामांचं खातं उघडलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःचं नाव निवडलं, आपल्या पासवर्डातली चिन्हं बोटांवर मोजली, तितकी प्रश्नचिन्हं टाकली. त्यांचंही उघडलं. "और आप बोले थे कोई निकाल नहीं सकता," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हो, चुकलो. मामांना विचारण्याआधी मला विचारायला हवं होतं, हेही म्हणालो. ते त्यांना आवडलं नसावं. पण दुसऱ्या दिवशी किल्ली मामांच्या टेबलावर ठेवलेली होती. कोण काही बोललं नाही.

मामा संध्याकाळी घरी आले, चहा घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "जाऊ दे ना बाबू. मी काही केलो नव्हतो ते मला मालूम होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "पण चार दिवस मलाच वाटे, का माहीत, झोपेत केलो का काय."

ते वाक्य मला किल्लीपेक्षा जास्त लागलं. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर त्या माणसाचा स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास बसला होता, चार दिवस का होईना.

२०२३ मध्ये ते निवृत्त झाले. मध्ये एकदा मी मिलमध्ये गेलो होतो तेव्हा त्यांच्या टेबलावर एक लांबट वही दिसली. दर ओळीत तारीख, संगणकावर बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, सही. मी म्हटलं, "मामा, आता प्रोग्रॅम बरोबर आहे, ही कशाला?"

"प्रोग्रॅम बरोबरच असंल," ते म्हणाले, "वही आपली असू दे."

मी काही बोललो नाही. मागची पानं चाळली. त्या नोव्हेंबरनंतरचा एकही दिवस सुटलेला नव्हता.

असो. पाऊस थांबलेला दिसतोय. तुमच्या हाताखाली लॉगिनचं काही असेल तर सोमवारी एकदा आपल्या गावाचं नाव ठेवून बघा, आणि मग शेजारच्या गावाचं टाकून. आणि हो, मामांचा पासवर्ड केव्हाच बदललाय, उगाच गोंदियापर्यंत जाऊ नका.